केलागाई उचलली, असं सांग

बासगाल, ९ फेब्रुवारी २०१९

रोव्शन,

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणायचं की तुझ्या संस्थेचं, ते तूच ठरव. आलं माझ्या पोरीच्या, फिदानच्या फोनवर. तिनं ते शाळेतून कागदावर छापून आणलं आणि चहा चालू असताना मोठ्यानं वाचलं. "आदरणीय कारागीर श्री. सत्तार, आपल्या कारखान्याची कीर्ती आमच्यापर्यंत पोहोचली आहे." तुझी वहिनी मलेयका हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "पोहोचणारच! याच कारखान्यात हा चड्डी ओली करत हिंडायचा." सख्ख्या भावाला अकरा वर्षांनी पहिली ओळ लिहायची आणि ती ही. खाली सही मात्र तुझीच. 'र' अजून तसाच लंगडा काढतोस.

असो. आदरणीय कारागिराचं उत्तर ऐक.

चार रेशमी केलागाया तयार आहेत, बायकांच्या डोईला बांधायच्या मापाच्या. एक पांढरी, एक लाल, एक काळी आणि एक गर्द निळी. हाजीचा जावई या महिन्यात अमेरिकेला चाललाय, त्याच्याबरोबर पाठवतो. मुलांना दाखवताना हात धुवायला सांग, रेशमाला तेलकट बोटं सोसत नाहीत. रंगाई कशी करतात ते "वर्गात तीन मिनिटांत सांगता येईल असं" लिहून हवंय म्हणतोस. तीन मिनिटांत आमच्याकडे ठसे बुडवायची राळ आणि मेण वितळतही नाही. तरी फिदाननं तुझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंय. तू गेलास तेव्हा अकरा वर्षांची होती, आता बावीसची झाली, गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तुझ्यासारखंच भरभर बोलते.

जूनमध्ये नऊ अमेरिकन शिक्षक आपला मुलूख बघायला येणार, त्यांना बासगाल दाखवायचं, आणि त्यांच्याबरोबर तू स्वतः येणार. ही शेवटची ओळ आईनं फिदानला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा म्हणाली, "स्वतः म्हणजे तोच ना? दुसरा कुणी नाही ना?"

आई बरी आहे. थंडीत गुडघे धरतात, भूक थोडी कमी झालीय. ऐंशीला टेकली, वय आहे.

(इथे दोन ओळी खोडल्यात. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, शाई जाड आहे.)

फोन करत जा असं म्हणू नकोस. आईशी तू बोलतोस तेवढं पुरे. फोनवर माझा आवाज चढतो, तुला ठाऊक आहे. कागदावर चढला तरी कुणाला ऐकू जात नाही.

सत्तार


बासगाल, २२ मार्च — पाठवलं नाही

रोव्शन,

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं लिहितो.

आईच्या पोटात गाठ आहे. जानेवारीत बाकूला नेलं होतं. डॉक्टर तुझ्या वयाचा, सभ्य माणूस, माझ्याकडे न बघता म्हणाला, "उन्हाळा निघेल. पुढचं सांगता येत नाही." आई बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आलो तर म्हणाली, "चेहरा धू आधी." म्हणजे तिला सगळं कळलं. घरी आल्यावर तिनं तंदूरची ताजी रोटी पुढ्यात ठेवली, माझा हात तिच्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, की रोव्शनला यातलं अवाक्षर कळवायचं नाही. तुझे तिथे कायम राहायचे कागद अडकलेत, मध्येच देश सोडलास तर सगळं बुडेल, हे फिदाननं तिला कधीतरी सांगितलं होतं. म्हणाली, "त्याला कळलं तर तो सगळं टाकून पळत येईल. परदेशात एकट्यानं दहा वर्षं दगड फोडलेत त्यानं. माझ्यापायी ते मातीत नको." मी रोटीवर हात ठेवला. आपल्याकडे रोटीवर हात ठेवून शपथ घेतल्यावर काय उरतं?

आता दुसरं. ते यापेक्षा जड आहे.

परवा नवरोझ होता. तबकात गव्हाचे हिरवे अंकुर, रंगवलेली अंडी, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मेणबत्ती. तुझी मेणबत्ती आईनं दर वर्षीसारखी स्वतः लावली. तेवढ्यात फिदान आली, म्हणाली, "काकांचा वर्ग बघायचाय का?" आणि फोन चहाच्या समोवाराला टेकवून उभा केला.

मोठं ग्रंथालय. जमिनीवर तीसेक मुलं मांडी घालून बसलेली. तू टाय लावून उभा. टक्कल पडलंय तुला. मी पाठवलेल्यांतली निळी तू अंगठीतून ओढून काढलीस आणि पोरं ओरडली. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. मग तू म्हणालास, फिदान आपल्या भाषेत सांगत होती, "आमच्याकडे पुरुष एकमेकांच्या अंगावर धावून जातात तेव्हा घरातली बाई डोक्यावरची केलागाई काढून त्यांच्या मध्ये टाकते. मग भांडण तिथेच थांबतं. कितीही रक्त तापलेलं असो. ती ओलांडून कुणी पुढे जात नाही."

एका मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. तिनं विचारलं, "आणि एखादा थांबलाच नाही तर?"

तू हातातल्या निळीची घडी घालायला लागलास. मलेयकानं चहा ओतायचा थांबवला.

मग तू म्हणालास, "आमच्या घरात एकदा असं झालं होतं. मी आणि माझा मोठा भाऊ भांडलो. आईनं केलागाई टाकली. माझा भाऊ थांबला. वाकला, केलागाई उचलली, झटकली, कपाळाला लावली आणि आईच्या हातात दिली. माझा भाऊ तो धंदा करतो, त्याला तिची किंमत ठाऊक आहे."

फिदान माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही हे कधी सांगितलंच नाहीत!" तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं ते मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मलेयका म्हणाली, "मला तर वाटलं होतं तुम्ही त्याला हाकललंत." मी समोवारातलं पाणी बघायला उठलो.

आई एवढंच म्हणाली, "किती बारीक झालाय."

त्या दिवशी कारखान्यात आपण तिघंच होतो. म्हणून जगात तिघांनाच माहीत आहे. तू वर्षभर अमेरिकेत शिकवून आला होतास, परत जायचं होतं, आणि रेशमावर नक्षी छापायचे वडिलांचे बारा लाकडी ठसे बरोबर न्यायचे होते. मी म्हणालो, वडिलांचे ठसे परक्यांच्या पोरांची खेळणी नाहीत. तू म्हणालास, "दादाश, इथे ते फडताळात धूळ खातायत, तिथे तीनशे मुलं बघतील." खरंच होतं. मी नव्या ठशांवर काम करत होतो, वडिलांचे काढतही नव्हतो. खरं होतं म्हणूनच मी तुझी कॉलर धरली. तेव्हा आईनं डोक्यावरची निळी काढली, वडिलांनी लग्नात तिच्यासाठी छापलेली, आणि आपल्या मध्ये टाकली. तिचे पांढरे केस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मला दिसलं. रागानं आंधळा झालो होतो असं म्हणायची सोय मला नाही. मला ती जमिनीवर पसरलेली दिसली, तिचा किनारा दिसला, आणि मी उजवा पाय उचलून तिच्या पलीकडे टाकला आणि तुझ्या तोंडात मारली. तू हात उचलला नाहीस. तू खाली बघत होतास. मग केलागाईवर पाय पडू नये म्हणून तिच्या कडेकडेनं वळसा घालून तू दाराबाहेर गेलास. मार खाल्लेला माणूस वळसा घालून गेला!

तू परत यावास म्हणून तुझ्यामागे ओतायला आई पाणी घेऊन धावली. ती वेशीपर्यंत पोहोचली तेव्हा मिनीबस निघून गेली होती. तिनं ते रिकाम्या रस्त्यावर ओतलं आणि रिकामं भांडं घेऊन घरी आली. तेव्हापासून ती बाजारातला छापील सुती रुमाल बांधते. केलागाई करणाऱ्याच्या घरातली बाई! बायका विचारतात, तर सांगते, "या वयात रेशीम टोचतं."

तू का खोटं सांगितलंस, रोव्शन? त्या मुलीला खरं सांगितलं असतंस तर मला एवढं लागलं नसतं. अकरा वर्षं मी तुझ्या शिव्यांची वाट बघत बसलो होतो. शिव्यांना माझ्याकडे उत्तर तयार होतं. याला नाही.


बासगाल, २४ मार्च

रोव्शन,

नवरोझच्या शुभेच्छा. वर्ग बघितला. टाय ढिला बांधत जा. निळ्या केलागाईची घडी चुकीची घालतोस, त्रिकोणी घाल, मुलांना तसंच शिकव.

आई बरी आहे. तुला बघून खूश झाली.

जूनमध्ये येतोयस ना नक्की? शिक्षकांना कुणीही आणेल. तू ये. कागदांचं काय ते लवकर उरक. मी कधी कुणाला दोनदा बोलावत नाही, हेही तुला ठाऊक आहे. तर मी दोनदा बोलावतोय.

सत्तार


बासगाल, १२ मे — पाठवलं नाही

रोव्शन,

तुझा निरोप फिदाननं वाचून दाखवला. कागद अजून आले नाहीत, तोवर देश सोडता येणार नाही, शिक्षकांबरोबर संस्थेतली दुसरी बाई येईल. "आई बरी आहे असं दादाशनं लिहिलंय, त्यामुळे जीव भांड्यात पडला. पुढच्या नवरोझला निवांत येतो, महिनाभर राहतो."

दादाशनं लिहिलंय. अकरा वर्षांनी मला दादाश म्हणालास तो नेमका इथे.

मी आईकडे गेलो. ती अंगणात अक्रोडाखाली उन्हाला बसली होती. आता पातळ लापशीशिवाय काही पोटात ठरत नाही. मी तिच्या पायाशी बसलो. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, पण बसलो.

"आई, मला मोकळं कर. मी त्याला कळवतो."

"नाही."

"तो पुढच्या नवरोझची भाषा करतोय!"

"करू दे. नवरोझ येईल, तो येईल, तू त्याला जेवायला घाल."

"आणि तू?"

"मी काय करणार आहे मध्ये? माझं काम नाही त्यात."

"आई, तो मला जन्मभर माफ करणार नाही."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत एकदाही, कुठल्याही भांडणात, माझ्या तोंडावर तिनं तो दिवस काढला नव्हता. साधा टोमणासुद्धा मारला नव्हता. त्या दिवशी म्हणाली, "सत्तार, एकदा तू माझं ऐकलं नाहीस. आता एकदा ऐक."

तिनं आवाजही चढवला नाही. माझा हात थोपटला आणि म्हणाली, "जा, कढई बघ, मेण जळेल."

मी गेलो आणि कढई बघितली.


बासगाल, २० जून — पाठवलं नाही

रोव्शन,

तुझे शिक्षक येऊन गेले. चांगली माणसं. त्यांच्या म्होरक्या बाईचं नाव डॉरिस, साठीची असेल, उंच, उन्हानं नाक लाल झालेलं. दारातच तिनं माझे दोन्ही हात धरले. फिदान म्हणाली, "बाबा, त्या म्हणतायत, रोव्शनच्या वर्गात तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय की तुम्ही ओळखीचे वाटता." मी हात सोडवून घेतले, रंगाचे होते.

आईनं हट्टानं आपली खाट कारखान्यात आणवली होती. म्हणे, "माझ्या लेकाचे पाहुणे आहेत. मी आत पडून राहू?" एका तरुण शिक्षकानं ठसा मेणात बुडवताना बोट भाजून घेतलं आणि नाचायला लागला. आई खाटेवरून ओरडली, "फुंकर काय मारतोस, पाण्यात बुडव!" फिदाननं सांगायच्या आतच त्यानं बोट पाण्यात घातलं. सगळे हसले. आई कितीतरी दिवसांनी हसली.

मग मी फडताळ उघडलं आणि वडिलांचे ठसे काढले. कुणी मागितले नव्हते. बाराच्या बारा त्यांच्या हातात दिले. ते नाकाशी नेऊन वास घेत होते, लाकडावर अंगठा फिरवत होते, एक बाई डोळे मिटून नक्षी चाचपत होती. काही झिजलं नाही, रोव्शन. काही तुटलं नाही. नऊ परक्यांच्या हातांतून फिरून ते माझ्याकडे परत आले आणि मी मूर्खासारखा मोजत बसलो.

तेव्हा डॉरिसबाईंनी विचारलं. फिदान उजळलेल्या तोंडानं माझ्याकडे वळली. "बाबा, त्या म्हणतायत, केलागाई उचलली ती हीच जागा का? त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. परत गेल्यावर आपल्या मुलांना सांगणार आहेत."

मी म्हणालो, "सांग त्यांना, मी उचलली नाही."

फिदानला वाटलं मी लाजतोय. "बाबा, असं काय करता!"

"जसं सांगतो तसं सांग. आईनं टाकली. मी ओलांडली आणि धाकट्या भावाला मारलं. तो माझी लाज राखायला खोटं बोलतो. सांग."

फिदानचा चेहरा पांढरा पडला. सगळे माझ्याकडे वळले. भाषा कळत नसली तरी माणसाला सूर कळतो. फिदाननं तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून आई म्हणाली, "फिदान, हे सांगायचं नाही."

"आई, तू मध्ये पडू नकोस," मी म्हणालो.

"मी नाही तर कोण पडणार? केलागाई माझी होती." ती कोपरावर उठून बसली. "पोरी, सांग त्यांना. उचलली असं सांग. सत्तारनं उचलली, झटकली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मी आई आहे, मी सांगते."

फिदाननं माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि आजीचं सांगितलं. तिचा आवाज कापत होता. त्यांना वाटलं, भावनेनं कापतोय. डॉरिसबाईंनी डोळे पुसले. मग टाळ्या वाजवल्या. नऊ माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती आणि मी मध्ये उभा होतो. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं.

पाहुणे चहाला बाहेर गेल्यावर मी आईला म्हणालो, "का केलंस असं? मला बोलू का दिलं नाहीस?"

ती दमली होती, डोळे मिटूनच बोलली. "त्यानं समुद्रापलीकडे बसून तुझी अब्रू झाकली. मी घरात बसून उघडी पाडू? आधी एकमेकांशी बोला. मग लोकांना काय ते सांगा."

अजून एक सांगायचं आहे आणि ते सांगायला हात धजत नाही. निघताना डॉरिसबाई आईचा हात बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या. मग उठून माझ्याकडे आल्या, फिदानला बाजूला घेऊन काहीतरी हळू विचारलं. फिदान मला म्हणाली, "त्या विचारतायत, आजी फार आजारी आहे का. रोव्शनकाकांना ठाऊक आहे का. त्या म्हणतायत, त्या आज संध्याकाळीच त्यांच्याशी बोलणार आहेत."

मी रोटीवर हात ठेवला होता की *मी* सांगणार नाही. ती बाई सांगणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. फिदानचे डोळे मला विनवत होते.

मी म्हणालो, "म्हातारपण आहे म्हणावं. उन्हाळा बाधलाय."

आपण बासगालची माणसं. परदेशातल्याला वाईट बातमी द्यायची नाही, त्याचा घास कडू करायचा नाही, हे आपल्या रक्तात आहे. आजोबा गेल्याचं वडिलांना सैन्यातून सुटून आल्यावर कळलं होतं, तेही वेशीवर. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. मीही तेच केलं आणि त्या क्षणी मला वाटलं, मी चांगला मुलगा आहे.


बासगाल, २५ सप्टेंबर

रोव्शन,

परवा आईचा चाळिसावा दिवस झाला. गाव जेवून गेलं. हलवा मलेयकानं केला, तू गेल्यापासून आई करायची तसाच, साखर कमी.

या पाकिटात न पाठवलेली तीनही पत्रं आहेत. तारखा बघून क्रमानं वाच. काही बदललेलं नाही, शाई सांडली आहे तीही तशीच आहे.

चौदा ऑगस्टला सकाळी फोन मी केला होता, फिदाननं नाही. निदान तेवढं तरी मी करावं असं वाटलं. तू "दादाश?" म्हणालास आणि माझ्या आवाजावरून तुला कळलं. तू विचारलंस, "कधीपासून?" मी म्हणालो, जानेवारीपासून. मग फोन बंद झाला. त्यानंतर तू उचललेला नाहीस. माझाही नाही, फिदानचाही नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता.

कबूल करतो, मी फार विचार केला. पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही म्हणून तिचा मुलगा गेला. दुसऱ्यांदा ऐकलं म्हणून मुलाची आई गेली, त्याला न भेटता. दोन्ही वेळा घाव तुझ्यावरच बसला. मधल्या काळात मी माणूस म्हणून काही शिकलो का, हे मला कळत नाही. कागद बुडाले असते तर बुडाले असते. ते ठरवायचा हक्क तुझा होता. आईचा नव्हता आणि माझा तर नव्हताच.

फिदान माझ्याशी दोन महिने धड बोलत नव्हती. आता बोलते. तिनं डॉरिसबाईंना सगळं लिहिलंय, जूनमध्ये जे सांगायचं राहिलं तेही. मी म्हणालो, लिही. आईची अट होती की आधी आपण बोलायचं, मग लोकांना सांगायचं. ती अट मी मोडली. मोडायची सवयच आहे मला. पण त्यांनी आपल्या मुलांना खोटं शिकवू नये असं मला वाटलं. त्यांच्याकडून तुला कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून हेही लिहितो.

आता शेवटच्या दिवसाचं. ते न सांगता पाकीट चिकटवता येत नाही.

आदल्या दिवशी दुपारपासून तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मलेयकाला ती आपली बहीण समजत होती. मी ओल्या कापडानं तिचे ओठ पुसत होतो. तिनं डोळे उघडले, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आलास? किती बारीक झालास रे, रोव्शन."

मी म्हणालो, "आलो, आई."

"प्रवासात जेवलास?"

"जेवलो."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग मला जवळ ओढलं, कानात बोलावं तसं विचारलं, "दादाशशी बोललास?"

मी तिचा हात धरून बसलो होतो. दारात फिदान उभी होती. मी काय करायला हवं होतं, तू सांग. मी म्हणालो, "बोललो, आई. आल्या आल्या बोललो."

"मनात काही ठेवलं नाहीस ना?"

"नाही ठेवलं. दोघांनीही नाही."

"जेवलात एकत्र?"

"हो. एका ताटात."

मग तिनं सुस्कारा टाकला, समाधानाचा, बायका कामं आटोपून बसल्यावर टाकतात तसा. कूस बदलली. त्यानंतर ती कुणाशी काही बोलली नाही. सकाळी गेली.

तिला हे तुझ्या तोंडून सांगितलंय मी, रोव्शन. त्यातला माझा अर्धा वाटा मी आज लिहून टाकला. बाकीचा अर्धा, तुझा, माझ्याच्यानं खरा होत नाही.

सत्तार